हाक मारायची नाही

रस्त्यावर नवं डांबर पडत होतं. कुवेतमधला सुट्टीचा शुक्रवार होता आणि आम्ही मुलीच्या घरून समुद्रकाठच्या खैरानला निघालो होतो. डिकीत कोळसे, मसाला लावून ठेवलेलं पापलेट आणि मुलीने सकाळी उठून कालवलेला दहीभात. मागच्या सीटवर नात कानात काहीतरी घालून गाणी ऐकत होती. रोलरमागे गाड्यांची रांग लागली, आमची गाडी हळू झाली, आणि काचा बंद असूनही तो वास आत शिरला. तापलेलं डांबर, त्यामागे समुद्राचा खारा ओलेपणा. माझे पाय सीटखाली आखडले. बूट घातलेले आहेत ना, म्हणून मी खाली वाकून बघितलंसुद्धा.

"बाबा, गाडी लागतेय का?" मुलीने विचारलं.

"नाही गं. जरा बाजूला घे. पाय मोकळे करतो."

"घरून, एगैलातून निघून अजून अर्धा तास नाही झाला."

"घे गं बाजूला."

"आबा, आर यू ओके?" मागून नातीने विचारलं. मी मान हलवली आणि उतरलो.

रस्त्याच्या कडेला नुसती वाळू. लांब कुंपणाची तार, त्यापलीकडे विजेचे खांब, आणि क्षितिजावर तेलक्षेत्रातल्या एका उंच नळीच्या टोकाला जळणारी लहानशी ज्योत, देव्हाऱ्यातल्या निरांजनाएवढी. आकाश स्वच्छ निळं. या जागी एकेकाळी दुपारी बारा वाजता गाडीचे दिवे लावून चालावं लागत होतं, हे मी कुणाला सांगू आणि कसं सांगू, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

नव्वदच्या ऑगस्टातलं कुवेत माझ्या लक्षात आहे ते टोमॅटोच्या वासाने. शेजारच्या देशाचं सैन्य आत घुसलं होतं. मी तेव्हा जहरा गावात राहत होतो. बाजारात कुणी विकायला नव्हतं, कुणी घ्यायला नव्हतं, आणि टोमॅटोच्या पेट्या उन्हात आंबत पडल्या होत्या. आम्ही एका ट्रकच्या हौद्यात बसून निघालो. वाटेत कुठेतरी गोळ्या सुटल्या. कुणी कुणावर झाडल्या ते कधीच कळलं नाही. सगळे उतरून पळाले, मीही पळालो. बाकीचे थोड्या वेळाने थांबले, मला थांबता येईना. कुणीतरी मागून येऊन मला मिठी मारली तेव्हा पाय थांबले. त्यानंतर जॉर्डनच्या सीमेवरचे तंबू, तिथल्या डब्यातल्या मसुरीचा वास, विमान, मुंबई, सांगली, आणि शेवटी आमचं जत.

जतला त्या हिवाळ्यात मी बूट घालून झोपायचो. आई उशाशी येऊन म्हणायची, "आरं, घरात हाईस तू. काढ की ते." मी काढायचो. सकाळी बघावं तर पुन्हा पायात. वडील गवंडी होते. ते काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्या बुटांकडे बघून तंबाखू मळत बसायचे. घरात इंग्रजी पुस्तक वाचलेला पहिला माणूस मी, कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि असा घाबरून परत आलेलाही पहिलाच.

वसंतात, लढाई संपल्यावर, कुवेतच्या तेल कंपनीची तार आली. पंपाचे इंजिनिअर हवे होते. मी गेलो.

सैन्याने माघार घेताना पेटवून दिलेल्या तेलाच्या विहिरी जळत होत्या. नाव घ्यायला विहिरी, पण त्यांचं पाणी वर उडत होतं आणि पेटलेलं होतं. तो आवाज पोटात ऐकू यायचा. जेवताना पेल्यातलं पाणी थरथरायचं. मसुरीच्या आमटीला, चहाला, टॉवेलला, उशीला, सगळ्यालाच जळक्या तेलाचा वास. खाकरलं की काळं यायचं. सदऱ्यावर बारीक काळे थेंब पडायचे आणि ते पुसायला गेलं की पसरायचे. अंग आधी डिझेलने पुसायचं, मग साबणाने धुवायचं, तरी नखांच्या कडा काळ्याच. एकेकाळी ज्या पाइपांतून तेल समुद्राकडे जायचं, त्याच पाइपांतून आम्ही समुद्राचं पाणी उलटं आणत होतो आणि वाळूत खणलेल्या तळ्यांत साठवत होतो. ते पाणी आगीवर मारायचं. पाणी उलटं चालवायचं हे माझं काम, आणि ते मला येत होतं.

येत नव्हतं ते आत जाणं. तळ्याच्या पुढे, धुराच्या तोंडाशी, बुलडोझरने साफ करून दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी बांधलेली वाट असायची. पट्टीच्या आतली वाळू तपासलेली. पट्टीच्या बाहेर न फुटलेले सुरुंग आणि विमानातून पडलेले बारके बॉम्ब, काही तर मुलांच्या खेळण्यासारखे दिसणारे. वारा फिरून धूर अंगावर आला की माझा श्वास अडकायचा आणि पाय सुटायचे. एकदा मी पट्टी ओलांडून पळालो. मला ते कळलंसुद्धा नाही. नंतर लोकांनी सांगितलं.

मला डॉक्टर देसाई मॅडमकडे पाठवलं. मॅडम गारगोटीच्या. सगळा वाईट काळ कुवेतमध्येच काढलेल्या. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि नळी गळ्यात अडकवून म्हणाल्या, "छाती घोड्यासारखी आहे तुमची. आजार छातीत नाही."

"मग?"

"पायात."

मी खाली मान घातली.

"जतचे ना तुम्ही? मग सरळ बोलते. पट्टीबाहेर पाय पडला तर मला तपासायला काही उरणार नाही. महिनाअखेरीला परत या. तेव्हाही असंच असेल तर मी तुम्हाला घरी पाठवायला सांगणार. माझा राग आला तरी चालेल."

राग आला नाही. घरी जायची लाजही फारशी वाटत नव्हती. भीती ही होती की घरी गेलो तरी हे पाय बरोबर येतील. दिवाळीत फटाका वाजला की पळतील, लग्नात बँड वाजला की पळतील, आणि उद्या हातात स्वतःचं मूल असतानाही पळतील.

डेलची आणि माझी ओळख त्याच आठवड्यात झाली. तो पाणी मारणाऱ्या टोळीचा मुकादम. पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा, केस मानेवर दोरीने बांधलेले. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या डोंगरांतून आलेला. जंगलातले वणवे विझवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. आम्ही दोघं तळ्याच्या काठावर पंप सुरू व्हायची वाट बघत होतो आणि वरून एक लढाऊ हेलिकॉप्टर गेलं.

"माझ्या नावाने उडतंय ते," तो वर न बघता म्हणाला.

"म्हणजे?"

"त्याला अपाची म्हणतात. मलाही."

सिनेमात घोड्यावरून बाण मारत येणारे लोक मला आठवले. ते खरोखरच कुठेतरी राहत असतील, त्यांना मुलं होत असतील, ती मोठी होऊन माझ्याशेजारी बसून बिस्किटं खात असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी विचारलं, "नाव घेताना विचारलं होतं का तुम्हाला?"

"आजोबांना पत्र आलं नव्हतं बहुतेक," डेल म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तू तो पळणारा इंजिनिअर ना?"

मी बुटांवरची वाळू झटकू लागलो.

"चांगला पळतोस. मी बघितलं. आमच्याकडे पोरांना असं पळायला शिकवायला वर्षं लागायची." त्याने बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे धरला. "आता थांबायला शीक."

त्या दिवसापासून त्याने मला इंजिनिअर हेच नाव ठेवलं.

त्याच्या आजोबांच्या आजोबांच्या काळी पोरांना लढवय्या करायची जी रीत होती, ती तो मला तुकड्यातुकड्याने सांगू लागला. पहाटे उठून ओढ्यात उतरायचं, बर्फ असला तर तो फोडून. मग तोंडात पाणी धरून डोंगरावर पळत जायचं आणि पळत खाली यायचं. पाणी गिळायचं नाही. श्वास फक्त नाकाने. खाली म्हातारा बसलेला असतो, त्याच्यासमोर ते पाणी थुंकून दाखवायचं. डेलला हे सगळं आजोबांनी लहानपणी थोडंथोडं करायला लावलं होतं. लढाया संपल्या होत्या, पण सकाळ होत होती आणि डोंगर होता, म्हणून.

"इथे डोंगर कुठे आहे?" मी विचारलं.

डेलने आजूबाजूला बघितलं. कुवेतच्या त्या सपाट मुलखात उंच अशी एकच गोष्ट होती, कॅम्पामागची पाण्याची रिकामी टाकी. तिला बाहेरून गोल फिरत जाणारा लोखंडी जिना होता. "तो बघ डोंगर," तो म्हणाला.

उजाडायच्या सुमारास आम्ही पळू लागलो. उजाडणं म्हणजे काळ्याचं तपकिरी होणं. सूर्य शिळ्या भाकरीसारखा दिसायचा. तोंडात पाणी, नाकाला ओला रुमाल, जिन्याच्या पायऱ्यांवर बुटांचा खणखणाट. पहिल्या दिवशी खाली आलो, डेल समोर बसला होता, त्याने हनुवटी वर केली. मी तोंड उघडलं. कोरडं.

"गिळलंस."

"आत्ता गिळलं. इथे आल्यावर."

"का?"

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. टाकीवर जाऊन परत येईपर्यंत पाणी तोंडात असायचं, आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की घशाखाली जायचं. डेल वैतागला. "पळताना नाही गिळत आणि थुंकायच्या वेळी गिळतोस. असा माणूस मी पाहिला नाही."

शेवटी मी सांगितलं. आमच्या जतला उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरचा आवाज आला की माणसं जेवणावरून उठतात. तांब्यात तळाला राहिलेलं पाणीसुद्धा आई तुळशीला नेऊन घालते. लहानपणी मी खेळताखेळता पाण्याची पिचकारी मारली तेव्हा तिने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. "गोडं पाणी हाय ते. थुकतोस काय मुडद्या?" आणि इथे तर समुद्र सोडून दुसरं पाणीच नाही, पिण्याचं पाणी बाटलीतून येतं. ते मी वाळूवर थुंकू? माझं तोंडच उघडत नाही.

डेल हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने केसांची दोरी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "आमचाही मुलूख कोरडाच आहे. आजोबा आम्हाला मक्याच्या मुळाशी थुंकायला सांगायचे. ते सांगायचं मी विसरलो."

भटारखान्याच्या मागे खजुराचं एक झाड होतं, काजळी खाऊन काळं पडलेलं, जिवंत आहे की नाही ते न कळणारं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बुडाशी मी चूळ टाकली. डेलने वाकून ओली माती बघितली आणि टाळी वाजवली. आमचा स्वयंपाकी बाबू, केरळचा, खिडकीतून ओरडला, "साब, मुँह उधर धोने का, इधर भाजी काटता मैं!"

बाबूला डेलचं भारी कुतूहल. "ये भी इंडियन है बोलता. कौन से स्टेट का?"

"ॲरिझोना," मी म्हणालो.

"वो नॉर्थ साइड में होगा," बाबू म्हणाला, आणि त्याने डेलच्या ताटात जास्तीचा भात वाढला.

मग दगड चुकवायचं शिक्षण सुरू झालं. अपाची पोरं म्हणे समोरासमोर उभी राहून एकमेकांना गोफणीने दगड मारायची, मोठी झाली की बोथट बाण. चुकवायचं, पण जागा सोडायची नाही. डेलने आधी खुबूसचे, म्हणजे अरबी रोटीचे, वाळके तुकडे उचलले. मी म्हणालो, "ते नको. अन्न आहे." त्याने मुकाट्याने खाली ठेवले आणि चिंध्यांचे ओले गोळे केले. लगोरीत मी गावात कुणाला सापडायचो नाही, पण लगोरीत पळता येतं. इथे मी गोळा येताना डोळे मिटायचो आणि तो थेट नाकावर बसायचा.

"दगड बघू नकोस," डेल ओरडायचा, "हात बघ! दगड सुटायच्या आधी हात सांगतो."

"साब, मेरे को एक चान्स!" बाबू पळी ठेवून यायचा. त्याचा नेम फार चांगला होता. मला आजही कळत नाही, एवढ्या काळोख्या दिवसांत आम्ही इतके हसत कसे होतो.

पहिल्यांदा स्वारीवर जाणाऱ्या पोरासाठी त्यांच्यात वेगळे नियम होते. पाणी पोकळ वेताच्या नळीतून प्यायचं, ओठांना लागू द्यायचं नाही. अंग खाजवायचं ते काडीने, नखाने नाही. अन्न थंड खायचं. उगाच इकडेतिकडे बघायचं नाही. काही गोष्टींची नावं नेहमीची घ्यायची नाहीत, त्यांना वेगळे शब्द. मी म्हणालो, आमच्याकडे हळद लागलेल्या नवऱ्याचं असं असतं. हातात कट्यार द्यायची, एकटं सोडायचं नाही, वेशीबाहेर जाऊ द्यायचं नाही. डेलला ते फार पटलं. "लग्न आणि स्वारी. दोन्हीकडे माणूस परत येतो तो वेगळाच," तो म्हणाला. त्याचं लग्न टिकलं नव्हतं, एवढं त्याने त्या दिवशी सांगितलं आणि पुढे कधी काढलं नाही.

मी त्याला गनिमी काव्याच्या गोष्टी सांगितल्या. थोडक्या माणसांनी यायचं, घाव घालायचा, नाहीसं व्हायचं. त्याने एकच विचारलं, "तुमच्याकडे डोंगर होते?"

"होते."

"मग बरोबर," तो म्हणाला, जणू त्याचाच चुलता कुणीतरी तिकडे येऊन शिकवून गेला होता.

त्यांच्या लढाईतली मला सगळ्यांत अवघड वाटलेली रीत त्याने एका दुपारी सांगितली. बाहेर काळा पाऊस पडत होता, आम्ही गाडीत बसून माझ्या आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी खुबूसला लावून खात होतो. हल्ला झाला की सगळ्यांनी पांगायचं, तो म्हणाला, पोरंबाळं, बायका, सगळ्यांनी. जो तो एकटा. दिसेल त्या गवताच्या झुडपाआड पडून राहायचं, धूळ अंगावर ओढून घ्यायची, शेळीसुद्धा लपणार नाही एवढ्या जागेत माणूस लपला पाहिजे. धोका गेला की चालत ठरलेल्या जागी यायचं. ती जागा आधीच ठरलेली असते. झरा असेल, नाहीतर खडक.

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"वाट बघायची. पण हाक मारायची नाही. आई असली तरी पोराला हाक मारायची नाही. आलेल्या हाकेला जायचंही नाही. हाकेने माणूस उघडा पडतो. मारणारा आणि येणारा, दोघंही." त्याने चटणीची बोटं चाटली. "हे फार तिखट आहे. अजून आहे?"

त्यानंतर रोज आत जायच्या आधी तो विचारायचा, "ठरलेली जागा?" आणि मी म्हणायचो, "उलटा टँकर." वाटेच्या तोंडाशी पाण्याचा एक टँकर चाकं वर करून पडला होता, तो.

पळणं मला जमलं होतं, चुकवणंही जरा जमलं. बसणं जमत नव्हतं. डेल मला पाइपाच्या आडोशाला बसवायचा आणि म्हणायचा, मी येईपर्यंत हलू नकोस. घाम पाठीवरून उतरायचा. गुडघा नाचायला लागायचा. माशी यायची. जमीन थरथरायची आणि वाटायचं, आता काहीतरी होणार. मी उठायचो. प्रत्येक वेळी उठायचो. डेल रागवायचा नाही. "घाबरलेला माणूस पळतो चांगला," तो म्हणायचा, "बसायला मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं." महिना सरत आला होता. देसाई मॅडमचा निरोप आला, या म्हणून.

त्या दुपारी तळ्याच्या पुढची एक झडप गळत होती. डेल आणि मी आत गेलो. झडपेला नवं पॅकिंग लागणार होतं, ते आणायला डेल गाडीकडे परत गेला. मी पाना हातात घेऊन उभा होतो. वारा पडला. आवाजात काहीतरी बदललं, जसा घरात अचानक पंखा बंद पडल्यावर बदलतो. आणि धूर जमिनीवर उतरला.

अंधार म्हणजे डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हात न दिसणं. पाय सुटले. तीन-चार पावलं ते पळालेच, मग मी खाली बसलो. कसा बसलो ते मला सांगता येणार नाही. कुणी शौर्य म्हणेल, पण तसं काही नव्हतं. गुडघे वाकले आणि मी वाळूत होतो. पट्टी कुठल्या बाजूला राहिली ते कळत नव्हतं. एका गालावर आच लागत होती. मी रुमाल दाबून धरला, तोंड मिटलं, नाकाने श्वास घेतला. श्वास येत होता. काळा, कडू, पण येत होता. मांड्या उडत होत्या. पळ, पळ, पळ, त्या म्हणत होत्या. मी दोन्ही हातांनी त्या धरून ठेवल्या, बैलाची वेसण धरतात तशा.

मग हॉर्न वाजला.

लांब, एकसारखा. डेलच्या गाडीचा. आणि त्या आवाजावरून डेलची हाक. "इंजिनिअर! इकडे! इकडे ये!"

आतापर्यंत मी कुठेही पळालो असतो, कारण सगळ्या दिशा सारख्या होत्या. आता एक दिशा होती. तिकडे माझा माणूस होता. त्याचा आवाज फाटला होता. आयुष्यात मला इतकी ओढ कशाचीच वाटली नाही, आईच्या हाकेचीसुद्धा नाही. मी एक पाय उचलला. पण हॉर्न जिकडून येत होता तिकडे आच होती. उलटा टँकर आचेच्या बाजूला नव्हता. टँकर पाठीमागे होता. डेल टँकरपाशी नव्हता.

"इंजिनिअर! देवासाठी ये!"

मी पाय खाली ठेवला. तोंडावर रुमाल तसाच दाबून मी रडत होतो. ठरलेली जागा, ठरलेली जागा, एवढंच मनात म्हणत होतो. हॉर्न वाजत राहिला. मग थांबला. तो थांबला तेव्हा मला वाटलं, माझी वाट बघत तो धुरात गुदमरला, मी त्याला मारलं.

धूर उठला तो कुणी चादर ओढून घ्यावी तसा. पांढरी पट्टी माझ्या पाठीमागे होती, मी तिच्या बाहेर बसलेलो. माझी पावलं वाळूत उमटलेली होती. त्याच पावलांवर पाय ठेवत मी पट्टीत आलो आणि वाटेने चालत टँकरकडे गेलो. पळालो नाही. हॉर्नच्या दिशेला, मघाशी जिकडे मी पाय उचलला होता तिकडे, नुसती कोरी वाळू होती. बुलडोझर तिथे फिरला नव्हता. नंतर सुरुंग तपासणारी माणसं आली तेव्हा त्यांनी तिथे लाल झेंडे लावले. बरेच लावले.

टँकरपाशी मी थांबलो. बऱ्याच वेळाने डेल आला, दुसऱ्या बाजूच्या मातीच्या रस्त्याने, गाडी तिकडेच सोडून चालत. मला शोधायला तो गाडी घेऊन लांबून वळसा घालून गेला होता. त्याचं तोंड काळं होतं आणि त्यावर घामाच्या रेघा होत्या. मला बघून तो थांबला.

"हॉर्न ऐकू आला नाही?"

"आला."

"मी हाका मारत होतो."

"ऐकल्या."

"मग आला का नाहीस?" तो ओरडलाच.

"ठरलेली जागा ही होती," मी म्हणालो.

डेलने वळून आपण आलो त्या दिशेकडे बघितलं. मग मधल्या वाळूकडे बघितलं. हेल्मेट काढलं आणि तिथेच, टँकरच्या चाकाखाली, खाली बसला. मी शेजारी बसलो.

"आजोबांनी मला झोडपून काढलं असतं," तो म्हणाला. "हा धडा मला कधीच आला नाही. रानात धाकटा भाऊ दिसेनासा झाला की मी ओरडायचो. दरवेळी मार खायचो. दरवेळी ओरडायचो."

"मग मला कसा शिकवलास?"

"शिकवणाऱ्याला यायलाच पाहिजे असं कुठे आहे? तुझ्या मास्तरांना सगळं येत होतं?"

मला आमचे इंग्रजीचे सर आठवले. त्यांना स्वतःला इंग्रजी बोलता यायचं नाही, बोलायला गेले की कपाळाला घाम यायचा. पण त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेऊन माझ्याकडून पानंच्या पानं पाठ करून घेतली होती, आणि त्या इंग्रजीतच मी आज या माणसाशी बोलत होतो. ते मी डेलला सांगितलं. तो हसायला लागला, मी हसायला लागलो, आणि खोकल्याने दोघंही वाकलो.

देसाई मॅडमनी छातीला नळी लावलीच नाही. मला खुर्चीत बसवलं, स्वतः दुसऱ्या पेशंटकडे गेल्या, आणि बऱ्याच वेळाने येऊन म्हणाल्या, "गुडघा हलत नाही आज." मी शेवटची विहीर विझेपर्यंत राहिलो. डेल त्याआधीच गेला, त्याच्या डोंगरांत वणवे लागायचा हंगाम आला होता. निघताना त्याने हात मिळवला, काही बोलला नाही, मागे वळून बघितलं नाही. त्यांच्यात निरोप घ्यायची हीच रीत असावी. बाबूने त्याच्यासाठी बांधून दिलेला भात तो गाडीत मांडीवर घेऊन बसला होता. पुढे तो कुठे गेला, कसा राहिला, मला माहीत नाही. त्याचं ऋण असं कुठे नेऊन घालायचं, तेही माहीत नाही.

पाय शहाणे झाले असं मी म्हणणार नाही. आजही हॉटेलात मी दरवाजाजवळची खुर्ची धरतो. जतच्या घरात रात्री पाऊस वाजला की उठून बसतो. लग्नात बँड वाजायला लागला की मांड्या कुठेतरी आत हलतात, आणि मी हातातला अक्षतांचा द्रोण घट्ट धरून उभा राहतो. लोकांना वाटतं, आबा किती शांत आहेत.

रोलर पुढे गेला होता. रांग हलू लागली होती. ज्योतीकडे बघत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. वळून गाडीकडे बघितलं तर मागचं दार उघडं होतं आणि सीट रिकामी होती.

कुंपणाच्या तारेपलीकडे उंट चरत होते. त्यांच्याकडे बघत माझी नात वाळूत चालत निघाली होती, चपला हातात घेऊन, अनवाणी, तारेच्या दिशेने.

माझ्या तोंडून हाक फुटली. छातीत होती नव्हती ती सगळी हवा लावून मी ओरडलो, एकदा, दोनदा, पुन्हा. आवाज फाटला. रस्त्यावरचे कामगार फावडी थांबवून बघायला लागले. नात दचकून जागीच उभी राहिली.

मुलगी धावत माझ्याजवळ आली आणि तिने माझा दंड धरला. "बाबा! अहो, केवढ्यांदा ओरडता? ती काय, इथे समोर तर आहे."

समोरच होती.